मंडळीचा कोट

‘शूर’ आणि ‘चर्च’ हे शब्द एकाच मुळातून फुटले आहेत, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही. ग्रीकमध्ये ‘क्युरियोस’ म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे तो, धनी, प्रभू. त्यावरून ‘क्युरियाकोन’, प्रभूचं घर. ख्रिस्ती धर्म उत्तरेकडे पसरला तेव्हा जर्मानिक लोकांनी हा शब्द उचलला आणि आपापल्या जिभेवर घोळवला. जर्मनमध्ये तो ‘किर्शे’ झाला, स्कॉटलंडात ‘कर्क’, इंग्रजीत ‘चर्च’. संस्कृतात जिथे ‘श’ येतो तिथे ग्रीकमध्ये पुष्कळदा ‘क’ येतो. आपला ‘श्वान’ तिकडे ‘क्युओन’, आपलं ‘शत’ तिकडे ‘हेकातोन’. त्याच वाटेने ‘शूर’ आणि ‘क्युरियोस’ एकमेकांना भेटतात. मूळ धातूचा अर्थ फुगणं, बळाने भरून येणं.

अशी नाती बहुतेक वेळा कोशाच्या पानांतच राहतात. या नात्याला मात्र चुनाविटांचं अंग आलेलं पाहायचं असेल तर रोमानियात, ट्रान्सिल्व्हेनियात जावं. तिथल्या दीडशेहून अधिक गावांत अशी चर्च अजून उभी आहेत की लांबून आधी तट दिसतो, मग बुरूज दिसतात आणि या सगळ्याच्या मधोमध चर्चचं उतरतं छप्पर. जर्मनमध्ये त्यांना ‘किर्शेनबुर्ग’ म्हणतात. किर्शे म्हणजे चर्च, बुर्ग म्हणजे कोट. हा कोट राजाचा नव्हता, सरदाराचा नव्हता, बिशपचाही नव्हता. तो गावातल्या शेतकऱ्यांचा होता, आणि त्याच्याभोवती जमलेले शब्द एकेक करून उलगडले की ही मालकी त्या शब्दांतच लिहून ठेवलेली सापडते.

सुरुवात प्रदेशाच्या नावापासून करू. ‘ट्रान्सिल्व्हेनिया’ हे लॅटिन नाव, ‘अरण्यापलीकडचा मुलूख’. हंगेरियन ‘एर्देय’चा अर्थही तोच, आणि रोमानियन ‘आर्द्याल’ हे त्याच हंगेरियन नावाचं बदललेलं रूप. पलीकडचा हे कोण म्हणतंय? अर्थात अलीकडे, हंगेरीच्या मैदानात बसलेला. जर्मन नाव मात्र निराळं: ‘झीबेनब्युर्गेन’, सात कोटांचा मुलूख. हे सात कोट नेमके कोणते यावर विद्वान अजून भांडतात. पण दुसऱ्यांनी ज्या भूमीला तिथल्या रानावरून नाव दिलं, तिला तिथे येऊन राहिलेल्या जर्मनभाषकांनी तटबंदीवरून ओळखलं, एवढं तर स्पष्ट आहे.

हे जर्मनभाषक तिथे आले बाराव्या शतकात. हंगेरीचा राजा दुसरा गेझा (राज्यकाळ 1141 ते 1162) याने सरहद्दीजवळची विरळ वस्तीची जमीन कसायला आणि राखायला पश्चिमेकडून लोक बोलावले. त्यांना ‘सॅक्सन’ म्हणायचा प्रघात पुढे पडला, पण सॅक्सनीशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. बहुतेक जण ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या खोऱ्यांतले. त्यांची बोली आजही लक्झेंबर्गच्या बोलीशी जवळची आहे. राजदरबाराच्या लॅटिन कागदांत त्यांना ‘होस्पितेस’ म्हटलेलं आहे, म्हणजे पाहुणे. या शब्दाच्या उत्तरार्धात आपला ‘पति’ दडलेला आहे, स्वामी या अर्थाचा. पाहुण्यांचा जो धनी, यजमान, तो मूळचा ‘होस्पेस’. पुढे लॅटिनने यजमान आणि पाहुणा दोघांनाही हाच शब्द लावला. या माणसांच्या बाबतीत तो दोन्ही अर्थांनी खरा ठरला. राजा दुसरा अँड्र्यू याने 1224 साली त्यांना जी सनद दिली, तिच्यात आपले न्यायाधीश आणि आपले धर्मगुरू स्वतः निवडण्याचा हक्क होता. आपला पाद्री आपण निवडायचा, ही तेराव्या शतकातली फार मोठी गोष्ट. ज्या गावाने पाद्री निवडला त्याच गावाने पुढे त्याच्या चर्चला तट बांधला, आणि या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

आता ‘बुर्ग’. हा शब्द ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर या शब्दाचा भाऊ. दोघांच्या मागे उंचीचा अर्थ असलेला धातू आहे, ज्यातून आपल्याकडे ‘बृहत्’ आला. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास लष्करावर लिहिणारा रोमन ग्रंथकार व्हेगेशिअस लहान किल्ल्यासाठी ‘बुर्गुस’ हा शब्द नोंदवतो. ग्रीकमध्ये मनोऱ्याला ‘प्युर्गोस’ म्हणतात, आणि अरबी ‘बुर्ज’ त्यावरून आला असं बरेच कोशकार मानतात. तो अरबी शब्द फारसीच्या पाठीवर बसून दख्खनेत उतरला आणि आपला ‘बुरूज’ झाला. प्युर्गोस आणि बुर्ग यांचं आपसातलं नातं काय, यावर वाद आहे. तरी जर्मन शेतकरी आपल्या ‘बुर्ग’मध्ये शिरत होता आणि मावळा ‘बुरुजा’वर पहारा देत होता, तेव्हा दोघांच्या तोंडी जवळजवळ एकच ध्वनी होता, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

किर्शेनबुर्गला मराठीत काय म्हणावं? ‘गड’ नाही, कारण गड डोंगरावर. ‘गढी’ही नाही. गढी पाटलाची, देशमुखाची असते. गाव तिच्या सावलीत राहतं, तिचं धनी नसतं. ‘गावकूस’ म्हणावं तर ती साऱ्या गावाभोवती फिरते, आणि इथे गाव उघडंच आहे. म्हणून मी ‘कोट’ घेतला. सपाटीवरच्या तटबंदीला आपण कोट म्हणतो. शिवाय हा शब्द कन्नडमधल्या ‘कोटे’चा आणि तमिळमधल्या ‘कोट्टै’चा सोयरा, म्हणजे भाषांच्या हद्दी ओलांडून वावरायची त्याला सवय आहे.

गाव उघडं का ठेवलं, याचं कारण हल्ल्यांच्या स्वरूपात आहे. 1241 साली मंगोल आले आणि लुटून, जाळून गेले. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून ऑटोमन फौजांच्या धाडी सुरू झाल्या. या धाडींत पुढे असायचे ते ‘अकिंजी’, हलके घोडेस्वार. तुर्कीत ‘अक’ म्हणजे वाहणं. ‘अकिन’ म्हणजे लोंढा, धाड. शब्दच सांगतो की ते वाहत येत आणि वाहत जात. त्यांना जमीन नको होती. माणसं, गुरं आणि धान्य हवं होतं. जड तोफा घेऊन महिनोन्महिने वेढा घालत बसणं हे त्यांचं काम नव्हतं. त्यामुळे चार-आठ दिवस टिकाव धरला की गाव वाचे. क्रोनश्टाट, हेर्मानश्टाट अशा श्रीमंत शहरांनी स्वतःभोवती संपूर्ण तट बांधले. शेतकऱ्यांच्या गावाला तेवढं परवडणारं नव्हतं. गावात भक्कम दगडी इमारत एकच, ती म्हणजे चर्च. सगळ्यांनी मिळून तिच्याभोवती भिंत घातली, आणि धाडीची बातमी आली की सगळं गाव आत.

या बांधकामाचे जर्मन जाणकार दोन प्रकार करतात आणि त्यांना दोन नावं देतात. चर्चभोवती वेगळा तट असेल तर किर्शेनबुर्ग. चर्चची इमारतच लढाऊ केली असेल तर ‘वेअरकिर्शे’. ‘वेअर’ म्हणजे बचाव, आणि हा शब्द आपल्या ‘वारण’, ‘निवारण’ यांच्याच धातूचा. प्रत्यक्षात बऱ्याच गावांनी दोन्ही केलं. वालेआ विइलोर नावाच्या गावात तट आहेच, पण चर्चच्या छपराखालीही लढायचे मजले चढवलेले आहेत. त्या चर्चमध्ये, वेदी असते त्या भागातच, विहीर आहे. पाणी आणि प्रार्थना एका छताखाली, वेढ्याच्या काळासाठी. सास्किझचं चर्च पंधराव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलं. त्याच्या भिंतींना टेकू देणाऱ्या दगडी धिऱ्यांच्या माथ्यावर सलग एक लढाऊ मजला फिरवला आहे. बाहेरून ते चर्च एका प्रचंड बुरुजासारखं दिसतं.

तटाच्या आत शिरलं की मराठी किल्लेप्रेमीला अनोळखी वाटणारं फारसं काही नाही, फक्त नावं बदलतात. तटाच्या आतल्या अंगाने पहारेकरी फिरतात त्या वाटेला आपण फांजी म्हणतो. तिकडे ती ‘वेअरगांग’. बहुतेक ठिकाणी ती लाकडी आणि वरून छप्पर घातलेली, कारण तिथे हिवाळाभर बर्फ असतं. यातला ‘गांग’ म्हणजे चालणं, आणि त्याचा संस्कृतातला सोयरा ‘जंघा’. फांजीवरून बंदूक रोखायच्या जंग्या तिथेही आहेत. एकाबाहेर एक असे दोन-तीन तट असले तर त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्याला ‘त्स्विंगर’ म्हणतात. ‘त्स्विंगेन’ म्हणजे भाग पाडणं, कोंडीत धरणं. बाहेरचा दरवाजा फोडून आत आलेला शत्रू या पट्ट्यात अडकतो आणि वरून मार खातो. आपल्याकडच्या दरवाजापुढच्या रणमंडळाचं काम हेच.

घंटेच्या मनोऱ्याची गोष्ट तर फार सुंदर आहे. इंग्रजीतला ‘बेल्फ्री’ हा शब्द ऐकून त्यात ‘बेल’ म्हणजे घंटा आहे असंच कुणालाही वाटेल. मुळात तिचा पत्ताही नव्हता. जर्मानिक ‘बेर्गफ्रिद’पासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘बेरफ्रे’ आला. त्याचा अर्थ वेढ्याच्या लढाईत तटाला नेऊन भिडवायचा लाकडी मनोरा. पुढे तो टेहळणीचा मनोरा झाला, मनोऱ्यात इशाऱ्याची घंटा टांगली गेली, आणि त्या घंटेने शब्दातला ‘र’ काढून तिथे ‘ल’ आणून बसवला. युद्धाचं यंत्र अशा रीतीने प्रार्थनेच्या वेळा सांगू लागलं. जर्मनमध्ये ‘बेर्गफ्रीड’ अजून किल्ल्याचा मुख्य मनोराच आहे. ट्रान्सिल्व्हेनियातल्या घंटामनोऱ्यांनी दोन्ही कामं केली: रविवारी प्रार्थनेला बोलावलं, धाडीच्या दिवशी आत पळायला सांगितलं. चर्चच्या घंटेचा आवाज किती लांब जातो हे मराठीला चांगलं ठाऊक आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथल्या चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी देवळांना वाहिल्या, आणि नाशकातल्या एका घंटेने आपल्याला ‘नारोशंकराची घंटा’ हा वाक्प्रचार दिला.

प्रेझमेर या गावी यातला सर्वांत मोठा कोट आहे. तटाची उंची सुमारे 12 मीटर, जाडी तीन मीटरांहून अधिक, आकार जवळजवळ वर्तुळाकार. खरी नवलाई आतल्या बाजूला आहे. तटाला लागून थरांवर थर अशा 270 हून अधिक खोल्या, लाकडी जिन्यांनी आणि सज्जांनी जोडलेल्या. गावातल्या प्रत्येक घराला इथे एक खोली, आणि घराचा जो क्रमांक तोच खोलीचा. म्हणजे गावाची एक घट्ट गुंडाळलेली प्रत तटाला चिकटवून ठेवलेली. एरवी या खोल्यांत धान्य आणि सामान राही, धाड आली की माणसं राहत. मुलांची शाळाही त्याच तटात होती आणि वेढा पडला तरी वर्ग भरू शकत. इथे ‘मृत्यूचा ऑर्गन’ नावाचं एक हत्यार दाखवतात: एका फळीवर ओळीने बसवलेल्या अनेक नळ्या, एकदम उडणाऱ्या. नाव मात्र चर्चमधल्या वाद्याचं. 1611 साली गॅब्रिएल बाथोरी याने प्रेझमेर घेतलं. तो ट्रान्सिल्व्हेनियाचाच अधिपती (प्रिन्स) होता. तुर्कांसाठी बांधलेल्या भिंतीला घरच्याच धन्याशी लढावं लागलं.

कोटातल्या जागांच्या नावांत मला सगळ्यात आवडतं ते ‘श्पेकटुर्म’, डुकराच्या चरबीचा बुरूज. जाड भिंतींच्या या बुरुजांत बारा महिने थंडावा असे. प्रत्येक घर आपली खारवलेली, धुरावलेली चरबी तिथे टांगून ठेवी, तिच्यावर घराची खूण असे, आणि आठवड्याला लागेल तेवढाच तुकडा कापून न्यायचा अशी शिस्त असे. ही रीत केवळ जर्मनांची नाही. दर्जिऊ हे हंगेरियनभाषक सेकेय लोकांचं गाव. तिथे चर्चच्या तटात धान्य आणि चरबी ठेवायची पद्धत आजवर चालू आहे. किल्ल्यातल्या कोठाराला आपण अंबरखाना म्हणतो. अंबरखाना सरकारचा असतो, त्याची किल्ली हवालदाराकडे. इथे कोठारातल्या प्रत्येक तुकड्याला वेगळा धनी, आणि सगळे धनी एकमेकांना ओळखणारे.

या ओळखीलाही शब्द आहे. सॅक्सन गावं ‘नाखबारशाफ्ट’ नावाच्या गटांत वाटलेली असत. आपल्या भाषेत आळी म्हणू. ‘नाखबार’ म्हणजे शेजारी, जुना अर्थ जवळ घर करून राहणारा. विहीर उपसणं, थडगं खणणं, जळलेलं घर पुन्हा उभं करणं, ही सगळी कामं आळीवर वाटलेली, चुकणाऱ्याला दंड ठरलेला. निरोप द्यायचा तर एक कोरीव लाकडी फळी घरोघर फिरे. आपल्याकडे आलेली फळी पुढच्या घरी पोचवलीच पाहिजे. तट असाच बांधला गेला, असाच दुरुस्त होत राहिला.

आता ‘बुर्ग’ कुठे पोचतो ते पाहू. बुर्गमध्ये राहणारा तो ‘ब्युर्गर’, आणि ब्युर्गर म्हणजे नागरिक. फ्रेंच ‘बूर्झ्वा’ही याच वाटेचा. म्हणजे जर्मनमध्ये किल्ल्यातून नागरिक निघाला. रोमानियनमध्ये अगदी उलटं घडलं. किल्ल्याला रोमानियन शब्द ‘चेताते’. तो लॅटिन ‘चिविताते’चा मुलगा, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नागरिकांचा समुदाय, नगर. इथे नागरिकांतून किल्ला निघाला, आणि मग त्या किल्ल्यातून पुन्हा ‘चेतात्स्यान’, नागरिक. दोन्ही शब्द एकाच तटाला लागतात. जर्मन दगडाकडून माणसाकडे येतो, रोमानियन माणसाकडून दगडाकडे जातो. कल्निकच्या कोटाचा इतिहास या दोन शब्दांचा जणू पुरावा आहे. तो मुळात एका सरदार घराण्याचा वाडा, मधोमध राहायचा भक्कम मनोरा. 1430 साली तो गावकऱ्यांनी विकत घेतला. सरदाराच्या मनोऱ्यात गावाचं धान्य आलं.

चर्चच्या नावांतही असाच फरक आहे. जर्मन ‘किर्शे’ प्रभूची. रोमानियन ‘बिसेरिका’ ही लॅटिन ‘बासिलिका’, आणि ती ग्रीकमधल्या राजवाचक शब्दावरून, म्हणून राजाची. हंगेरियनमध्ये ‘एज्हाज’ हा जुना शब्द, ‘पवित्र घर’. विस्क्री या गावाच्या नावात यातली दोन नावं एकमेकांना भिडतात. हंगेरियनमध्ये ते ‘सासफेहेरेज्हाझा’, सॅक्सनांचं पांढरं पवित्र घर. जर्मनमध्ये ‘डॉइच-वाइसकिर्श’, तेच पांढरं चर्च. रोमानियन कानांनी ‘वाइसकिर्श’ची बोलीतली छटा ऐकली आणि तिचं ‘विस्क्री’ करून टाकलं. आज गावाचं नाव उच्चारणाऱ्या किती रोमानियनांना ‘क्री’मध्ये चर्च ऐकू येत असेल?

मराठीने चर्चसाठी आणखी एक नाव घेतलं, आणि ते या विषयाला सर्वांत जवळचं आहे. गोव्यात, कोकणात आपण ‘इगर्जी’ म्हणतो. पोर्तुगीज ‘इग्रेझा’वरून आलेला हा शब्द लॅटिन ‘एक्लेसिया’तून मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’पर्यंत जातो. ग्रीक नगरराज्यांत एक्लेसिया म्हणजे नागरिकांची सभा, घराघरांतून बाहेर बोलावलेली माणसं. इमारतीचा त्यात संबंधच नव्हता. बायबलच्या मराठी भाषांतरांनी या शब्दासाठी ‘मंडळी’ निवडला, आणि अगदी नेमका निवडला. ‘जेवायला बसा मंडळी’ म्हणतो तोच हा घरगुती शब्द. किर्शेनबुर्गमध्ये काय राखलं जात होतं हे एका शब्दात सांगायचं तर मला ‘किर्शे’ अपुरा वाटतो. तिथे मंडळी राखली जात होती.

ब्येर्तान या गावाला 1993 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा नोंद त्या गावाची आणि त्याच्या चर्चची होती. ब्येर्तानचं चर्च सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि 1572 ते 1867 या काळात सॅक्सन ल्युथरनांच्या बिशपचं ठाणं. त्याच्या पूजासाहित्याच्या खोलीच्या दाराला एका किल्लीने सरकणारे डझनाहून अधिक अडसर आहेत. 1999 मध्ये आणखी सहा गावं या नोंदीत आली आणि नाव बदललं: ‘ट्रान्सिल्व्हेनियातली तटबंद चर्च असलेली गावं’. वाक्यात गाव मुख्य आणि चर्च त्याचं विशेषण. हा बदल ज्याने सुचवला त्याला विषय कळला होता.

पण नाव असं बदललं तेव्हा त्या गावांतली मंडळी निघून गेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत, 1945 च्या जानेवारीत, रोमानियातल्या जर्मनभाषक स्त्री-पुरुषांना सक्तीच्या मजुरीसाठी सोव्हिएत संघात नेलं गेलं. पुढे जमिनी गेल्या. चाउशेस्कूच्या राजवटीत पश्चिम जर्मनी माणसामागे पैसे मोजून त्यांना सोडवून घेत असे. 1989 ची क्रांती झाली, सरहद्द उघडली, आणि 1990 या एका वर्षात रोमानियातले एक लाखाहून अधिक जर्मनभाषक जर्मनीला गेले. शेकडो वर्षांचे तट पाठीमागे उरले, काही ठिकाणी किल्लीसुद्धा सोपवायला आपलं माणूस नाही अशा स्थितीत. 2016 च्या फेब्रुवारीत राडेल्न आणि रोटबाख या दोन गावांतले मनोरे काही दिवसांच्या अंतराने कोसळले.

जिथे कुणी राहिलं तिथे ‘बुर्गह्युटर’ राहिला, कोटाचा राखणदार. ‘ह्युटर’ हा शब्द गुराख्यालाही लागतो. पुष्कळ गावांत हे काम एखाद्या वृद्ध सॅक्सन स्त्रीने केलं, आता कित्येक ठिकाणी रोमानियन शेजारी करतात. दुरुस्तीचा पैसा बऱ्याचदा जर्मनीतून येतो. तिथे गेलेल्यांनी मूळ गावागणिक संघ काढले आहेत. एका गावचे लोक न्युर्नबर्गात, म्युनिकमध्ये विखुरलेले, पण संघ त्या गावाच्या नावाचा. दर वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला ते बव्हेरियातल्या डिंकेल्सब्युल या शहरात जमतात, स्वतः तटबंद असलेल्या जुन्या शहरात. जर्मनमध्ये ‘गेमाइंडे’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत: गावाचा कारभार पाहणारी संस्था आणि चर्चची मंडळी. ट्रान्सिल्व्हेनियात आठशे वर्षं या दोन अर्थांत भेद करायची गरज पडली नाही, कारण माणसं तीच होती. आता गावाची गेमाइंडे रोमानियन बोलते, चर्चची गेमाइंडे बव्हेरियात राहते, आणि छपराची कौलं बदलायला उन्हाळ्यात दोघी एकत्र येतात.